सोंडेची वाट कोण घेणार?

पेणला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या नागपुरात पहिला प्रश्न येतो, "गणपती आणला का?" नाही आणला. डिसेंबरात कोण गणपती आणतं? मी तिथे डोंगरात सायकल चालवायला गेले होते, असं म्हटल्यावर माणसं आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात, मग गुडघ्यांकडे, आणि विषय बदलतात. म्हणून हे लिहून काढते आहे. ज्यांना खरंच ऐकायचं आहे त्यांनी वाचावं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलगा जर्मनीला गेला, घर एकदम मोठं झालं, आणि त्याची धूळ खात पडलेली जाड टायरची सायकल मी बाहेर काढली. पण नागपुरात चढ म्हणजे मुख्यतः उड्डाणपूल. तलावाला फेऱ्या मारायच्या आणि घरी येऊन फोनवर दुसऱ्यांचे डोंगर बघत बसायचं, असं माझं चाललं होतं. तशातच पेण-रोह्याच्या एका सायकल मंडळाचा व्हिडिओ दिसला. मंडळाचं नाव डोंगरचाक. हिरव्या रानातून पायवाटेने एकामागून एक सायकली उतरतायत, आणि सगळ्यात पुढे टोपी घातलेला एक म्हातारा. मी खाली लिहिलं, "तुमच्यात बाहेरचं कोणी येऊ शकतं का?" दुसऱ्या दिवशी थेट फोनच आला.

"मी मंदा बोलते, पेणवरून. येऊ शकतं का काय विचारतेस, ये की. नुसतं बघत काय बसलीस?"

आई गेल्यापासून मला इतक्या हक्काने एकेरीत कोणी बोलावलं नव्हतं. नाताळच्या सुट्टीत मी निघाले.

पेण

स्टेशनबाहेर मंदा दोन सायकली घेऊन उभी होती. एक तिची, एक मंडळाची जादा. मंदा चाळिशीची, रुंद खांद्यांची, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातली. पेणजवळच्या जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचं काम करते. "आधी खा, मग चढ," म्हणाली आणि मला पोह्यांच्या दुकानात घेऊन गेली.

पोह्यांच्या बाबतीत आम्ही नागपूरकर जरा माजलेलेच. वर चण्याची झणझणीत तर्री नसेल तर त्याला आम्ही पोहे म्हणत नाही. इथे आले ते पांढरेशुभ्र पातळ पोहे, वर ओलं खोबरं, लिंबू, बस. मी तोंड वाकडं केलं असणार.

"काय गो, आवडले नाय?"

"आमच्याकडे यावर रस्सा घालून राहिले असते," मी म्हणाले.

मंदा हसत सुटली. माझं ते 'घालून राहिले' तिला इतकं आवडलं की पुढचे सगळे दिवस मंडळातली माणसं चढ चढून राहिली आणि चहा पिऊन राहिली. पोह्यांचं म्हणाल तर दुसऱ्या बशीला माझा माज उतरला. तांदळाला स्वतःची गोडी असते हे आमच्या तर्रीने मला इतकी वर्षं कळू दिलं नव्हतं.

तिथेच मंदाने मला मंडळाची रीत सांगितली. नव्या माणसाला पैसे नाहीत, फॉर्म नाही. जुनी माणसं त्याला आपापली आवडती वाट दाखवतात, झालं. पण प्रत्येक वाटेला एक राखणदार असतो. कोकणात राखणदार म्हणजे खरं तर गावाचं रक्षण करणारा अदृश्य देव. मंडळाने तो शब्द थट्टेने उचलला आणि मग तो खराच होऊन बसला. पावसाळ्यात रान वाट गिळून टाकतं. दसऱ्यानंतर राखणदाराने कोयता घेऊन जायचं, झुडपं छाटायची, वाहून गेलेले दगड लावायचे, ज्यांच्या शेतातून वाट जाते त्यांच्या ओटीवर बसून चहा घ्यायचा आणि यंदाही जाऊ द्याल ना, असं विचारून यायचं. एखादा राखणदार गाव सोडून चालला तर तो आपला कोयता दुसऱ्याच्या हातात देतो. कोयता गेला की वाट गेली.

"आणि कोणी घेतलाच नाही तर?"

"दोन पावसाळे," मंदा म्हणाली. "मग तिथं वाट होती हे सांगायला पण कोणी नाय."

त्या दुपारी निलेशने मला त्याची वाट दाखवली. निलेश तिशीचा, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो, बोलणं कमी आणि फुप्फुसं दांडगी. पेणच्या मागच्या डोंगरात सागाची पानगळ झालेली. पानं ताटाएवढी, वाळून कुरकुरीत, त्यांच्याखाली दगड कुठे आहे ते कळत नाही. मी निम्मी वाट सायकल ढकलत चढले. माथ्यावर पोचल्यावर निलेशने बोटाने दाखवलं: खाली पेण, त्यापुढे वडखळच्या नाक्यावर अडकलेल्या ट्रकांची रांग, आणि त्याही पलीकडे खाडीचं चकाकणारं पाणी. मी धाप लागल्यामुळे थांबले आहे असं त्याला वाटलं. खरं कारण वेगळं होतं. इतक्या वर्षांत मला कुठल्याही जागेबद्दल असं वाटलं नव्हतं, की आपण इथे आधीच यायला हवं होतं.

"व्हिडिओत पुढे असतात ते आजोबा कोण?" मी विचारलं.

"सॅमसनकाका. रोह्याचे." निलेशने हेल्मेट चढवलं. "सोंडेची वाट त्यांची. आमच्या सगळ्यांत भारी वाट. काका येत्या गुरुवारी चाललेत."

"कुठे?"

"इस्रायलला. कायमचे." मग हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाला, "बघू. आधी पण दोनदा चालले होते."

जोहे आणि खाडीचा बांध

जोह्याला डिसेंबरातही अंगणाअंगणात गणपती. रंग न दिलेले, पांढरे, डोळे नसलेले, ओळीने उन्हात वाळत बसलेले. चित्रकलेची बाई असल्यामुळे मला तिथून हलवणं मंदाला जड गेलं. तिने एका मूर्तीचे डोळे माझ्यासमोर आखले. हात टेकवायचा नाही, श्वास रोखायचा, आणि एका झटक्यात पापणी. "चुकलं तर?" मी विचारलं. "चुकलेला गणपती रागावलेला दिसतो," ती म्हणाली. "तो मी माझ्या घरी नेते."

तिची वाट म्हणजे खाडीचा बांध. भातशेतात खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेला मातीचा उंच बांध, त्याच्या माथ्यावरून सायकल. एका बाजूला कापलेल्या भाताचे खुंट आणि बगळे, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि गाळ. इथे कधी जायचं हे घड्याळ बघून नाही, तिथी बघून ठरतं. पुनवेला आणि अवसेला उधाणाचं पाणी बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पाडतं, म्हणून ते दिवस वर्ज्य. आमच्याकडे चतुर्थी-एकादशी उपासासाठी लक्षात ठेवतात, इथे सायकलसाठी.

मंदाने सांगितलं होतं, पाणी बघू नको, वाट बघ. मी पाणी बघितलं. एक खंड्या पक्षी निळा चमकून गेला आणि मी त्याच्या मागे मान वळवली, तेवढ्यात सायकल सरळ गाळात. मी मांडीपर्यंत रुतले. मंदाने हात दिला, ओढलं, मी बाहेर आले, उजवा बूट आला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "खाडीनं काय ठेवून घेतलं की माणूस परत येतो."

एका पायात बूट आणि एका पायात जवळच्या मिठागरावरून आणलेली तिच्या भावाची चप्पल अशी मी उरलेला बांध चालवत गेले आणि मनात म्हणत होते, ठेव बाई, दुसराही ठेव. त्याच बांधावर मंदाने मला सॅमसनकाकांचं सगळं सांगितलं. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पूर्वी या भागात गावोगाव त्यांची घरं होती, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. काकांनी जन्मभर एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर म्हणाले, डांबर पुष्कळ झालं, आणि सायकल घेतली. सोंडेची वाट त्यांनीच काढली. मुलगी तिकडे इस्रायलात अश्दोदला असते, नातवंडं आहेत, काका-काकू दोघांना कधीपासून बोलावते आहे.

"मग त्यांचा कोयता कोण घेणार?"

"कोणीच नाय," ती म्हणाली. "मागच्या वेळी निलेशला दिला, तो म्हणाला माझी शिफ्ट बदलते. मला दिला, मी म्हटलं मला बांध हाय, दोन वाटा एकाला कशा? काका म्हणाले, मग वाट टाकून कसा जाऊ. तिकीट पुढं ढकललं. समजलं ना?"

समजलं. कोणी कोयता हातात घेत नव्हतं, कारण घेतला असता तर ते गेले असते.

आणि मी काय करावं? मी म्हणाले, "मला द्या." मला ती वाट हवी होती, न बघताच हवी होती. कुठेतरी वर्षातून एकदा आपली वाट बघणारी जागा असावी, आपण नाही गेलो तर जिचं काही अडेल अशी, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. माझ्या मुलाचं माझ्यावाचून आता काही अडत नाही. तसंच असायला हवं. पण वाटतं.

मंदा हसली नाही, हे तिचे उपकार. "ताई, राखणदार जवळचा लागतो. नागपूरवरून येऊन कधी छाटशील?"

शनिवारी, रोहा

शनिवारी डोंगरचाक मंडळ सायकल चालवत नाही. काकांचा तो शब्बाथ, विश्रांतीचा वार, म्हणून एका माणसासाठी सगळ्यांनी सुट्टी धरली आणि त्याची सवय झाली. मी रेल्वेने रोह्याला गेले आणि अष्टमी गावच्या पुलापलीकडे काकांच्या घरी पोचले. दाराच्या चौकटीला त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळींची लहानशी डबी ठोकलेली, ओटीवर हेल्मेट, आत पट्ट्यांनी बांधलेल्या बॅगा.

काका बारीक, काटक, डोळे एसटी चालकाचे, समोरच्या माणसाच्याही पुढचं बघणारे. त्यांच्या पत्नी रिबकाकाकू त्यांच्या दुप्पट बोलणाऱ्या. जेवण शुक्रवारीच करून ठेवलेलं होतं: नारळाच्या रसातला जिताडा आणि भात. कोळंबी त्यांच्यात चालत नाही, खवल्यांचाच मासा लागतो. खाडीतला जिताडा मी पहिल्यांदाच खाल्ला आणि खाताना काही बोलले नाही. आमच्याकडे पाहुण्याने जेवताना बोललं नाही तर यजमान घाबरतात, काकू मात्र खूश झाल्या.

काका ओटीवर लवंडल्यावर काकूंनी मला मागच्या पडवीत नेलं.

"तू पण त्यांच्यातलीच झालीस ना आता? ऐक मग. ही सगळी पोरं याच्यावर जीव टाकतात. पण जीव टाकतात म्हणजे काय, बांधून ठेवतात. याला आणि याच्याबरोबर मला. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते इथं जमत नाय आता. पोरीचं दुसरं बाळ चालायला लागलं, मी फोनमधे बघितलं. वर्षभर या बॅगा अशाच बांधलेल्या हायत. मी त्यातूनच साडी काढते आणि धुऊन परत ठेवते."

"काकांना जायचं नाही का?"

"जायचं हाय त्याला. पण कोणीतरी जा म्हणायला पाहिजे ना." मग त्यांनी मला विचारलं, "तुझा मुलगा बोलावतो?"

"बोलावतो."

"जातेस?"

मी म्हणाले, बघू. काकू म्हणाल्या, "व्हय, तो पण बघूच म्हणतो."

मला तिथे बसवेना आणि उठवेनाही. दोन दिवस मी मनाने निलेश आणि मंदाच्या बाजूला होते. ज्या माणसाला अजून नीट भेटलेही नव्हते त्याने राहावं असं मला वाटत होतं, निव्वळ मला ही जागा आवडली म्हणून. आता मी या बाईच्याही बाजूला होते.

सोंडेची वाट

रविवारी सकाळी आम्ही सगळे निघालो. काका सगळ्यात पुढे, पाठीला कमरेशी आकड्यात अडकवलेला कोयता. डोंगराची एक लांब सोंड नदीकडे उतरत आली आहे, तिच्या कण्यावरून ही वाट वर चढते. आधी शेतं, मग पाड्यावरची कोंबड्यांची पळापळ, मग करवंदाच्या जाळ्या. वळणं अशी की प्रत्येक वळणावर चढ आहे तसाच वाटतो आणि पाय मात्र हलके होतात. जन्मभर प्रवासी वाहिलेल्या माणसाने काढलेली वाट आहे, हे चाकाखाली कळत होतं. मधेच एक सपाट दगड, बसायला. मधेच ऐनाच्या झाडाची सावली, अगदी दम लागतो तिथेच. काका चालत्या सायकलवरून आडव्या आलेल्या फांद्या छाटत होते आणि मागे न बघता सांगत होते, "डावीकडं निसरडं हाय. आता वाका. आता दम घ्या."

या वाटेवर मला जे झालं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. नागपूरला परत आल्यापासून रोज शाळेच्या रस्त्यावर मी तिची वळणं आठवते. तीन-चार आठवतात, मग एक निसटतं.

माथ्याला एक लहान खिंड. तिथून कुंडलिका नदी दिसते, रोह्याजवळ अरुंद आणि पश्चिमेला समुद्राकडे जाता जाता रुंद. खिंडीत रिबकाकाकू आमच्या आधीच बसल्या होत्या. पलीकडच्या कच्च्या रस्त्याने रिक्षा करून आल्या होत्या, मांडीवर मोठं ताट, वर रुमाल. कोणालाच सांगितलं नव्हतं, काकांनासुद्धा.

"तू कशी इथं?" काका सायकलवरच थिजले.

"तुझी वाट बघायची राहिली होती," काकू म्हणाल्या.

ताटात मलिदा होता. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. नवस फेडताना, प्रवासाला निघताना त्यांच्यात हा करतात आणि एलियाहू नबीचं नाव घेतात. काकांनी टोपी नीट केली आणि दोघांनी हिब्रूत प्रार्थना म्हटली. आम्ही हात जोडून उभे राहिलो. मग काकांनी कमरेचा कोयता काढला. पात्याला पावसाळ्यांचं काळं चढलेलं, मूठ घासून गुळगुळीत झालेली.

"निलेश," ते म्हणाले.

"काका, माझी शिफ्ट—"

"मंदा."

"मला बांध हाय, काका. तुम्हाला माहीत हाय."

काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही, आणि बरं केलं. मी घेतला असता. ते कोयता हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं काहीतरी होतं. आता पुन्हा तिकीट पुढे जाईल, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. निलेश बुटाने खडे उडवत राहिला.

रिबकाकाकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. नवऱ्याच्या हातातून त्यांनी कोयता काढून घेतला. तो सहज सुटला, ओढावं लागलं नाही. त्या मंदासमोर गेल्या.

"घे गो."

मंदा मान हलवत होती, डोळे भरलेले.

"तुम्ही कोयत्याला नको म्हणता, याला वाटतं राहा म्हणता," काकू म्हणाल्या. "माझ्यासाठी घे. माझा नातू मला फोनमधे हात लावतो, काचेला."

मंदाने कोयता घेतला. घेताना तिला हुंदका आला आणि तिने तो खोकल्यात लपवला. निलेशने पुढे होऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. मग आम्ही मलिदा खाल्ला. पुन्हा पोहेच, पण या वेळी मला तर्री आठवली नाही.

उतरताना मंदा पुढे गेली, तिचा आता तो मान. तिच्यामागे निलेश, मग मी. पहिल्या वळणानंतर माझ्या लक्षात आलं की मागे चाकाचा आवाज नाही. थांबून वळून पाहिलं तर काका सायकल हातात धरून चालत येत होते. तिथे ना चढ होता ना दगड.

"काका, पंक्चर?"

"नाय गो," ते म्हणाले. एका करवंदीच्या जाळीजवळ थांबून ते वर बघत होते, मग खाली, मग पलीकडे नदीकडे. "इतकी वर्षं पुढं असायचो. तोडायच्या फांद्या तेवढ्या दिसायच्या. वाट आज बघतोय."

मी सायकलवरून उतरले, त्यांना पुढे जायला वाट दिली आणि त्यांच्या मागे, त्यांना दिसणार नाही इतक्या अंतरावर, थांबून राहिले.